लाखाची पाटी : वाचकांचे प्रश्न

आयपॅड प्रो घ्यायचा आहे, सल्ला द्या, अशी पत्रे इतकी साठली की या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. बहुतेकांनी विचारले आहे ते प्रोसेसरबद्दल. ती काळजी सोडा. एम४ असो की ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेला एम५, वाचकांनी कळवलेल्या कामांत वेग कमी पडला म्हणून अडेल असे एकही नाही. अडते ते पेन, पडदा, ऊन, फाइली आणि एकूण बिल यांपाशी, म्हणून उत्तरेही तिथेच रेंगाळली आहेत. किमती २०२५ मधल्या, ॲपल कंपनीने भारतात जाहीर केलेल्या आहेत. बँकेच्या कार्डावरची सूट त्यात धरलेली नाही.

साइटवर नकाशांची गुंडाळी नेण्याचा कंटाळा आला आहे. १३ इंची आयपॅड प्रोवर नकाशे दाखवायचे, दुरुस्त्या तिथेच लिहायच्या आणि जमल्यास ऑटोकॅड हे नकाशे काढायचे सॉफ्टवेअरही चालवायचे, असा विचार आहे. उन्हात दिसेल का? लॅपटॉप सोडता येईल का? (वास्तुविशारद, नाशिक)

आधी कंपासपेटी काढा. ए१ कागद ८४१ बाय ५९४ मिलिमीटर असतो. १३ इंची पडदा साधारण २६५ बाय १९८ मिलिमीटर आहे. म्हणजे पूर्ण नकाशा पडद्यावर आणला की तो तिसऱ्या हिश्श्याहून थोडा लहान होतो. १:१०० चा नकाशा जवळपास १:३२० चा दिसतो आणि अडीच मिलिमीटर उंचीची अक्षरे पाऊण मिलिमीटरवर येतात. पडदा धारदार आहे, त्यामुळे ती वाचता येतात, पण शेजारी उभ्या असलेल्या गवंड्याला नाही. तुम्हाला बोटाने मोठे करून बघता येते. त्याच्या हातात मात्र ए३ ची छापील प्रत द्यावीच लागेल. गुंडाळी जाईल, कागद जाणार नाही.

खुणा करण्यासाठी मात्र हे यंत्र फार चांगले आहे. वजन ५७९ ग्रॅम, जाडी ५.१ मिलिमीटर, एका हातात धरून उभ्याने लिहिता येते. नकाशा ऑटोकॅडमधून थेट पीडीएफ करून घ्या, स्कॅन करू नका. थेट केलेल्या पीडीएफमध्ये रेषा रेषाच राहतात आणि कितीही मोठे केले तरी फाटत नाहीत. स्कॅनमध्ये त्या ठिपक्यांच्या होतात आणि फाइलही जड होते. खुणा केलेल्या फाइलच्या दोन प्रती ठेवा. एक, जिच्यात खुणा नंतर पुसता येतात, ती ऑफिससाठी. दुसरी, खुणा पानात पक्क्या केलेली, ठेकेदारासाठी. पहिलीच प्रत ठेकेदाराला पाठवली तर त्याच्या फोनवरच्या साध्या वाचकात कधी कधी खुणाच दिसत नाहीत, आणि मग ‘तुम्ही सांगितलंच नव्हतं’ सुरू होते.

आता ऊन. हा पडदा १००० निट्सपर्यंत (निट हे उजेड मोजायचे एकक) उजळतो, जुन्या टॅब्लेटांच्या साधारण दुप्पट. तरी भर दुपारी काचेत आकाश दिसतेच. चमक मारणारी नॅनो-टेक्श्चर काच मिळते, पण फक्त १ आणि २ टीबीच्या मॉडेलांवर, म्हणजे जागेची गरज नसताना तिचे पैसे मोजावे लागतात. शिवाय ती पुसायला सोबत येणारेच कापड वापरायचे असते. साइटवर ते कोणाच्या खिशात सापडणार? आमच्या मते साधी काच घ्या आणि उन्हाकडे पाठ करून उभे राहा.

उन्हापेक्षा उष्णता वाईट. यंत्र ० ते ३५ अंश सेल्सिअसमध्ये वापरायचे आणि ४५ अंशांपर्यंतच ठेवायचे, असे कंपनीच सांगते. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीच्या डॅशबोर्डवर हा आकडा सहज ओलांडला जातो. तापले की आधी पडद्याचा उजेड आपोआप उतरतो, मग चार्जिंग थांबते आणि शेवटी फक्त तापमानाचा इशारा उरतो. उजेड पूर्ण, वर ऊन, मागे काळे कव्हर आणि पॉवर बँक लावलेली, असे चार एकत्र आले की हे पंधरा-वीस मिनिटांत होऊ शकते. साइटवर चार्जिंग टाळा आणि सावलीत बसून लिहा. तापलेले यंत्र एसीच्या झोतासमोर धरू नका.

धूळ-पाण्यापासून संरक्षणाचे कोणतेही मानांकन आयपॅडला नाही. सॅमसंगच्या गॅलेक्सी टॅब एस९, एस१० आणि एस११ या मालिकांच्या मुख्य मॉडेलांना आयपी६८ हे मानांकन आहे आणि लिहिण्याचे पेन डब्यातच येते. आठवड्याचे पाच दिवस साइटवर जाणाऱ्याने आयपॅडचा हट्ट धरू नये. अर्थात आयपी६८ ची चाचणी स्वच्छ पाण्यात होते, सिमेंटच्या रबडीत नाही.

ऑटोकॅड आयपॅडवर आहे. त्याची डीडब्ल्यूजी फाइल उघडते, लेयर चालू-बंद होतात, मोजता येते, लहानसहान बदलही होतात. तुमच्या लिस्पच्या (ठरावीक कामे आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या) फाइली मात्र चालत नाहीत. लॅपटॉप ठेवा. मागच्या लायडार, म्हणजे प्रकाशाने अंतर मोजणाऱ्या सेन्सरने खोली मोजता येते, पण त्याचा पल्ला सुमारे पाच मीटर आणि फरक सेंटिमीटरांत पडतो. अंदाजाला ठीक, बिलाला नाही.

एक गोष्ट दुकानदार हमखास सांगत नाही. वाय-फाय मॉडेलमध्ये जीपीएस नसतेच. फोटोवर साइटचे स्थान नेमके उमटायला हवे असेल तर सेल्युलर मॉडेल लागते. ते २०,००० रुपयांनी महाग आहे आणि त्यात सिमची खाच नाही, फक्त ई-सिम चालते.

माझ्याकडे २०२० चा आयपॅड प्रो आणि दुसऱ्या पिढीची ॲपल पेन्सिल आहे. दिवाळी अंकांची मुखपृष्ठे आणि आतली चित्रे करते. नवा घेतल्यास जुनी पेन्सिल चालेल ना? कागदासारखी फिल्म लावावी का? आणि छपाईत चित्र दरवेळी काळवंडलेले का येते? (चित्रकार, सावंतवाडी)

पेन्सिल चालणार नाही. २०२४ पासून पुढचा कॅमेरा आयपॅड प्रोच्या लांब कडेवर आला, म्हणजे जिथे पेन्सिल चिकटून चार्ज व्हायची तिथेच. आतली मांडणी बदलली आणि जुन्या पेन्सिलीशी नाते तुटले. नव्या प्रोवर दोनच चालतात : पेन्सिल प्रो आणि यूएसबी-सी वाली. दुसरीला दाब कळत नाही, त्यामुळे तुम्हाला तिचा उपयोग शून्य. पेन्सिल प्रो ११,९०० रुपयांची. ती बोटांत फिरवली की चपट्या ब्रशचा कोन फिरतो, आणि दाबली की हत्यारांची यादी उघडते. पहिली सोय सुलेखनासाठी खरीच मोलाची आहे, दुसरीची सवय व्हायला वेळ लागतो.

कागदी फिल्मने हाताला छान अडकाव मिळतो, पण ती कानशीसारखी पेन्सिलीचे टोक झिजवते. टोक एका बाजूने चपटे झाले की रेघ मध्येच जाड होऊ लागते. तरी तसेच रेटले तर आतला धातू उघडा पडतो आणि फिल्म ओरखडते. टोके बदलता येतात, हाताने उलटे फिरवून निघतात. नवे घट्ट बसवा, सैल टोकाने रेघ तुटते. फिल्मचा दुसरा तोटा म्हणजे पांढऱ्या भागावर बारीक रंगीत रवा दिसतो. लाख रुपयांच्या पडद्यावर धुके पसरवण्यात आम्हाला तरी शहाणपण दिसत नाही. चित्र काढताना बसवायची आणि रंग तपासताना काढायची, अशी सुटी फिल्म मिळते, ती बघा.

आता काळवंडण्याचे. यात आयपॅडचा दोष नाही, त्याच्या चांगुलपणाचा आहे. पडदा ४००-५०० निट्सवर ठेवून तुम्ही सावल्या भरता, त्या तुम्हाला उजळ दिसतात; कागद स्वतः प्रकाश देत नाही, मग त्याच सावल्या तिथे बुडतात. उपाय आहे. सेटिंग्ज, डिस्प्ले अँड ब्राइटनेस, ॲडव्हान्स्ड, आणि तिथे रेफरन्स मोड चालू करा. साध्या चित्रांसाठी उजेड १०० निट्सवर बांधला जातो आणि ट्रू टोन आणि नाइट शिफ्ट (भोवतालच्या उजेडाप्रमाणे आणि रात्री पडद्याचे रंग बदलणाऱ्या सोयी), आपोआप कमी-जास्त होणारा उजेड हे सगळे बंद होते. आयपॅड एकदम मलूल वाटेल, तेच छपाईच्या जवळचे आहे. चित्र पूर्ण त्यात काढायची गरज नाही, पण सावल्या ठरवताना आणि पाठवण्यापूर्वी त्यात पाहाच. तुमच्या २०२० च्या यंत्रात ही सोय नाही. तिथे ट्रू टोन आणि नाइट शिफ्ट हाताने बंद करून उजेडाची पट्टी एका ठरावीक खुणेवर ठेवावी लागते.

दुसरे कारण रंगांचे. प्रोक्रिएट या चित्रकलेच्या ॲपमध्ये कॅनव्हास आरजीबीत (पडद्याच्या तीन रंगांत) सुरू केला की तोच पुढे सीएमवायके (छपाईच्या चार रंगांचा) करता येत नाही. सुरुवातीलाच ठरवावे लागते. छापखान्याकडून त्यांचे आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्यांच्या छपाईच्या रंगांची नोंद असलेली फाइल, मागून घ्या आणि कॅनव्हास करताना तेच निवडा. भगवा, पोपटी आणि निऑनसारखा निळा छपाईत मरतात, ते मग पडद्यावरच मेलेले दिसतील आणि तुम्ही वेगळा रंग घ्याल. आरजीबीत काढलेले जुने चित्र असेल तर नवा सीएमवायके कॅनव्हास उघडून त्यात लेयर चिकटवा आणि रंग हाताने सावरा.

कॅनव्हासचे माप : ए४ मुखपृष्ठाला चारी बाजूंनी ३ मिलिमीटर कापणीची जागा धरली तर २१६ बाय ३०३ मिलिमीटर, म्हणजे ३०० डीपीआयला २५५१ बाय ३५७९ पिक्सेल. किती लेयर मिळणार हे रॅमवर ठरते. एम४ च्या २५६ आणि ५१२ जीबीच्या मॉडेलांत ८ जीबी रॅम आहे, एम५ मध्ये तेवढ्याच जागेच्या मॉडेलांत १२ जीबी. तुमच्यासारख्यांना एम५ घ्यायचे खरे कारण हेच. पडदा दोघांचा सारखा आहे. अंकाचे नाव आणि किंमत प्रोक्रिएटमध्ये लिहू नका. बारीक अक्षरे चार रंगांच्या काळ्यात जातात आणि छपाईत एखादा रंग जरासा हलला तरी कडा दुहेरी दिसतात. ते काम मांडणी करणाऱ्याचे.

रात्री दिवा मंद करून काढत असाल तर आणखी एक. ओएलईडी पडदा उजेड कमी करताना डोळ्याला न कळेल असा लुकलुकतो, आणि काहींचे डोके त्याने चढते. दुकानात उजेड कमी करून अर्धा तास बसून बघा. लाज वाटू देऊ नका, लाखाची वस्तू आहे.

मुलगा एमपीएससीची तयारी करतो. नोट्स काढायला आणि पीडीएफ वाचायला आयपॅड प्रोच हवा म्हणतो. (पालक, लातूर)

नको. ३४,९०० रुपयांचा साधा आयपॅड आणि ७,९०० ची यूएसबी-सी पेन्सिल यांत हे काम भागते. त्याचा पडदा काचेला चिकटवलेला नसतो, म्हणून शाई टोकाच्या किंचित खाली उमटल्यासारखी दिसते, आणि अक्षर लिहिताना दाबाने जाड-बारीक होत नाही. नोट्सचे त्यावाचून काही अडत नाही. अक्षर फार बारीक असेल आणि दिवसाला सहा-सात तास वाचन होणार असेल तर १३ इंची आयपॅड एअर बघा, ७९,९०० पासून. पण त्या पैशांत पुस्तके, अभ्यासिका आणि मेस किती महिने चालेल, हा हिशोब तुम्ही आमच्यापेक्षा नीट कराल.

आमचे छोटे प्रकाशन आहे. प्रवासात संपादन, मुद्रितशोधन आणि मांडणी करण्यासाठी लॅपटॉपऐवजी आयपॅड प्रो आणि मॅजिक कीबोर्ड घ्यावा का? (प्रकाशक, सांगली)

मुद्रितशोधनाला हो, मांडणीला नाही.

मुद्रितशोधनात पेन्सिलीला तोड नाही. कागदावर करता तशा खुणा, समासात टिपा, आणि लेखकाला लगेच फाइल. एवढेच काम असेल तर कीबोर्डही नको, ११ इंची पुरेल : ४४४ ग्रॅम, ९९,९०० रुपये.

मांडणीचे अडते ते फॉन्टपाशी. तुमच्या जुन्या फाइली श्रीलिपी किंवा आयएसएमच्या, म्हणजे युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांत असतील आणि मांडणी पेजमेकरमध्ये, तर यातले काहीही आयपॅडवर चालत नाही, इनडिझाइनही नाही. जुन्या फॉन्टातली वर्डची फाइल उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. पीडीएफ बरोबर दिसते, कारण फॉन्ट तिच्या पोटात असतो. पण तिच्यातला मजकूर उचलून दुसरीकडे टाकला की तीच खिचडी. युनिकोडमध्ये (सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात) आणलेला मजकूर मात्र बिनघोर वापरता येतो. म्हणून आधी रूपांतर ऑफिसातल्या विंडोज संगणकावर करा, रूपांतर झाल्यावर रफार, ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’, ‘ॲ’ आणि अवतरणचिन्हे डोळ्यांखालून घाला, सगळ्यात जास्त चुका तिथे राहतात. त्यानंतरच फाइल आयपॅडवर. आणि दुकानात बाह्य कीबोर्ड लावून हीच जोडाक्षरे स्वतः टंकून बघा. पडद्यावरचा मराठी कळफलक आणि बाहेरच्या कीबोर्डची मांडणी एकसारखी चालेल असे गृहीत धरू नका.

बिलही मांडा. १३ इंची यंत्र १,२९,९००, मॅजिक कीबोर्ड ३३,९००, पेन्सिल प्रो ११,९००. एकूण १,७५,७००. मार्च २०२५ मध्ये आलेला मॅकबुक एअर ९९,९०० पासून सुरू झाला, आणि कीबोर्डसह १३ इंची आयपॅडचे वजनही त्याच्या आसपासच भरते. हलके म्हणून घेतलेले यंत्र कीबोर्ड लावला की हलके राहत नाही. सप्टेंबर २०२५ मधल्या आयपॅडओएस २६ ने खिडक्या हव्या तशा लहान-मोठ्या करण्याची आणि वर मेन्यूची सोय दिली, काम खूप सुधारले, हे मान्य. पण खिडकीत उघडणारे ॲप शेवटी आयपॅडचेच असते. तुमची जीएसटी नोंदणी असेल आणि खरेदी व्यवसायासाठी असेल तर दुकानदाराकडून तुमच्या क्रमांकाचे बिल घ्या. १८ टक्के कराचे क्रेडिट मिळण्याचा मार्ग त्यातूनच जातो.

क्लासमध्ये प्रोजेक्टरवर लिहून शिकवायचे आहे आणि तेच रेकॉर्डही करायचे आहे. आयपॅड प्रो की सॅमसंग? (गणिताचे शिक्षक, नागपूर)

प्रोजेक्टर बहुधा १६:९ चा असेल. १३ इंची आयपॅडचा पडदा ४:३ चा, त्यामुळे जसाच्या तसा दाखवला तर भिंतीवर रुंदीचा पाव भाग काळा राहतो. गॅलेक्सी टॅब १६:१० चा आहे, त्याच्या पट्ट्या अगदी बारीक. गणितात लांब समीकरणे आडवी जातात, म्हणून हा फरक रोज बोचेल. आयपॅडच हवा असेल तर असे लेखन-ॲप निवडा, जे बाहेरच्या पडद्यावर फक्त वहीचे पान पाठवते. पानही आडवे, १६:९ चे करा.

वायरलेस जोडणीत पेन आणि भिंत यांत अंतर पडते, मुले हसतात. यूएसबी-सी ते एचडीएमआय केबल वापरा. आयपॅडला एकच छिद्र आहे, म्हणून चार्जिंगची जागा असलेला हब घ्या, नाहीतर दोन तासांच्या बॅचमध्ये टक्के बघत शिकवावे लागेल. ३.५ मिलिमीटरचा कॉलर माइक थेट लागत नाही. यूएसबी-सी चा अडॅप्टर लागतो आणि माइकच्या पिनेवर तीन काळ्या कड्या हव्यात. दोनच कड्यांची पिन कॅमेऱ्यासाठीची असते, तिने बहुतेकदा यंत्राचा स्वतःचाच माइक चालू राहतो आणि पंख्याचा आवाज रेकॉर्ड होतो.

सॅमसंगच्या एस पेनला लिहिण्यासाठी चार्जिंग लागत नाही. पेन्सिल प्रोला लागते. सलग तीन बॅच घेणाऱ्याला हे एकच कारण पुरावे. तुम्ही सॅमसंग घ्या.

मुलगा न्यू जर्सीत असतो, दिवाळीत येताना १३ इंची आयपॅड प्रो आणतो म्हणतो. स्वस्त पडेल? (निवृत्त अधिकारी, ठाणे)

अमेरिकेत १,२९९ डॉलर लिहिलेले असते, पण त्यात विक्रीकर नसतो. न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के धरला की १,३८५ डॉलर होतात. डॉलर ९० रुपयांना धरला तर सुमारे १,२४,६५०. इथली किंमत १,२९,९००. बँकेची सूट मिळाली तर हे अंतर संपते. शिवाय इथल्या बिलावर इथे दुरुस्तीची बोलणी सोपी असतात, आणि पडद्याची काच फुटली तर नुसती काच बदलत नाही, पूर्ण पडदा किंवा यंत्रच बदलावे लागते. अपघाती नुकसानीचे संरक्षण खरेदीबरोबरच इथेच घेतलेले बरे. मुलाला चितळ्यांची बाकरवडी परत न्यायला बॅगेत जागा ठेवू द्या.

आयपॅड महिनोन् महिने कपाटात पडून असतो. चार्ज करून ठेवावा की रिकामा? (गृहिणी, रत्नागिरी)

दोन्ही नाही. ५० टक्क्यांच्या आसपास आणून बंद करून ठेवा आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा तिथपर्यंत आणा. पूर्ण रिकामी बॅटरी खोल उतरते आणि मग चार्ज घेईनाशी होते. १०० टक्क्यांवर उष्ण कपाटात ठेवलेली लवकर म्हातारी होते. नव्या प्रोमध्ये ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय आहे, ती रोज वापरणाऱ्यांसाठी. कोकणात पावसाळ्यात कव्हर काढून ठेवा, चामड्याला बुरशी लागते. पुसायला सुके मऊ कापड पुरे.